सांभाळणे

नरकचतुर्दशीला पहिली आंघोळ कुणाची, यावरून आम्हां भावंडांत दर वर्षी चढाओढ लागे. राजापूरच्या अलीकडे आमचे घर. न्हाणीतला तांब्याचा हंडा पहाटे चारच्या आधीच खदखदत असे, आईने वाटीत उटणे कालवून ठेवलेले असे, आणि जो आधी उठेल त्याचा मान पहिला, असा नियम होता. मी थोरली, शिवाय झोपेची सावध. तेव्हा हा मान बहुधा मलाच मिळे. न्हाऊन झाले की ओल्या केसांनी तुळशीपाशी जायचे, डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचे, त्याची कडू बी जिभेला लावून तोंड वाकडे करायचे आणि मग आत येऊन फराळाच्या डब्यांभोवती घोटाळायचे. मी नऊ-दहा वर्षांची असताना एकदा कंदील घेऊन तुळशीपाशी गेले, तर तिथे एक कारीट आधीच फुटून पडलेले दिसले. मी आईला विचारले. ती म्हणाली, “कोल्ह्याने फोडलं असेल.” कोल्हा कारिटे फोडतो, यावर मी पुढे तीन-चार वर्षे विश्वास ठेवला.

ते कारीट माझ्या आत्याचे होते. आई अडीचला उठून आधी तिला न्हाऊ घाली. तेल, उटणे, सगळे यथासांग. मग हात धरून तिला तुळशीपर्यंत नेई, कारीट फोडून घेई आणि पुन्हा तिच्या खोलीत आणून सोडी. म्हणजे पहिल्या आंघोळीचा मान दर वर्षी माईआत्याचा होता. तो तिला का मिळत होता, हे कळायला मला आणखी काही काळ जावा लागला. दिवाळीला घरी पाहुणे येत. उजाडल्यावर तिला बाहेर आणणे बरे दिसले नसते.

माईआत्या १९६१ साली माहेरी परत आली. पहिल्या बाळंतपणानंतर तिसऱ्या महिन्यात तिच्या डोक्यावर परिणाम झाला, असे सासरच्यांनी कळवले आणि पाठोपाठ तिला आणून सोडले. तिची ट्रंक आठ दिवसांनी आली. मुलगा सासरीच राहिला. आजोबांनी तिला माजघरामागची बाळंतिणीची खोली दिली. कोकणातल्या जुन्या घरांतून ही खोली असे. वारा लागू नये म्हणून खिडकी अगदी लहान, उजेड बेताचा. बाळंतीण तिथे महिना-सव्वा महिना राही. आत्या तिथे एकतीस वर्षे राहिली आणि १९९२ साली तिथेच गेली.

हे सारे आज आठवायला एक निमित्त झाले. आमच्या कुलवृत्तान्ताची नवी आवृत्ती निघते आहे. ते काम माझ्या चुलतभावाने अंगावर घेतले आहे, आणि मी आयुष्यभर महाविद्यालयात शिकवले असल्यामुळे मुद्रिते तपासण्याचे काम माझ्याकडे दिले आहे. आमच्या शाखेच्या पानावर आत्याच्या नावापुढे त्याने लिहिले आहे: ‘मानसिक आजारामुळे माहेरी परतल्या. कुटुंबाने त्यांना बाहेर कुठेही न पाठवता शेवटपर्यंत सांभाळले.’ यात खोटे काहीच नाही. किंबहुना आमच्या घराण्यात ही अभिमानाने सांगण्याची गोष्ट समजली जाते. आमच्या भागात ‘रत्नागिरीला पाठवणे’ याचा एक वेगळा अर्थ आहे, आणि आम्ही आमच्या माणसाला रत्नागिरीला पाठवले नाही, हे वाक्य मी लहानपणापासून लग्नकार्यांत, श्राद्धाच्या पंगतींत ऐकत आले.

आई आता नव्वद वर्षांची आहे. तिला दिसते कमी, पण कान चांगले आहेत. मी तिला ते पान वाचून दाखवले. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “सांभाळलं म्हणजे काय केलं, ते लिहिलंय का त्यात?”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. भाजीत मीठ घातलंय का, असे विचारावे, तसे तिने विचारले. पण तेव्हापासून तो शब्द माझ्या मनातून जाईना. आपण दागिने सांभाळतो, किल्ल्या सांभाळतो, जीभ सांभाळतो, अब्रू सांभाळतो. या सगळ्यांत एकच अपेक्षा असते, की वस्तू जागची हलू नये, हातातून सुटू नये. सांभाळलेला दागिना बरा व्हावा, असे कुणी म्हणत नाही. माणसाच्या बाबतीत आपण तोच शब्द वापरतो, तेव्हा आपल्या मनात नेमके काय असते?

त्या वाक्यावर मी तेव्हाच काट मारली असती. पण मीही जवळजवळ तेच वाक्य, जरा भारदस्त भाषेत, वर्षानुवर्षे वर्गात शिकवीत आले होते.

माझा विषय मानसशास्त्र. जागतिक आरोग्य संघटनेने १९६०नंतरच्या दशकाच्या अखेरीस एक मोठे संशोधन हाती घेतले होते. स्किझोफ्रेनिया म्हणतात तो आजार सगळीकडे सारखाच असतो का, आणि रुग्णांचे पुढे काय होते, हे त्यांना पाहायचे होते. नऊ देशांतली नऊ केंद्रे निवडली: लंडन, वॉशिंग्टन, मॉस्को, प्राग, डेन्मार्कचे ऑर्हूस, तैपेई, आणि त्यांच्या जोडीला कोलंबियातले काली, नायजेरियातले इबादान आणि आपले आग्रा. बाराशेंवर रुग्ण होते. दोन वर्षांनी आणि पुन्हा पाच वर्षांनी त्यांची विचारपूस झाली, तेव्हा जे दिसले त्याने मोठमोठे लोक चकित झाले. आग्रा, इबादान इथले रुग्ण श्रीमंत देशांतल्या रुग्णांपेक्षा अधिक संख्येने सावरलेले होते. जिथे डॉक्टर थोडे, खाटा थोड्या, औषध मिळेल न मिळेल, तिथे माणसे बरी होत होती!

असे का व्हावे, याचे उत्तर लगेच सुचण्यासारखे होते आणि ते सर्वांना सुचले. कुटुंब. एकत्र घर, झेपेल तेवढे हातचे काम, एकटे न पडणे. दर वर्षी जुलैच्या सुमारास मी हा तक्ता फळ्यावर काढीत असे, आणि मुले जरा ताठ बसत. आपला देश वरच्या ओळीत आहे, असे तक्ते अभ्यासक्रमात फार नव्हते.

त्याच तासाला मी आणखी दोन हकीगती सांगत असे. नायजेरियात अबेओकुटा या गावाजवळ थॉमस लॅम्बो या डॉक्टरांनी १९५४मध्ये एक वेगळीच व्यवस्था सुरू केली. रुग्णांना भिंतीआड कोंडण्याऐवजी आसपासच्या खेड्यांतल्या घरांत बिऱ्हाडाला ठेवायचे, सोबत त्यांचा एखादा नातलग, आणि उपचारापुरते इस्पितळात यायचे. दुसरी हकीगत अमृतसरची. तिथल्या इस्पितळात डॉ. विद्यासागर यांच्यापुढे त्याच सुमारास खाटांपेक्षा कितीतरी जास्त रुग्ण आले. त्यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांच्या घरच्यांना तिथे राहायला बोलावले. आईबाप, भाऊ, बायका रुग्णाजवळ राहिले. डॉक्टर त्यांच्या घोळक्यात बसून आजार म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगत. माणसे लवकर बरी होऊन घरी जाऊ लागली.

फार सुंदर हकीगत आहे. सांगताना माझा कंठ दाटून येई. फक्त एका गोष्टीकडे माझे लक्ष जात नसे, की ते तंबू इस्पितळाच्या आवारात होते. पन्नास पावलांवर डॉक्टर होता, औषध होते, शेजारच्या तंबूत तसेच दुःख घेऊन आलेले दुसरे घर होते. लॅम्बोंच्या खेड्यांतले यजमानही इस्पितळाशी बांधलेले होते. कुटुंबाने सांभाळले, हे खरे. पण ते एकटे पडून सांभाळत नव्हते. आमच्या माजघरामागे यांपैकी काही नव्हते. तरीही मी वर्गात अमृतसरची गोष्ट सांगत असताना माझ्या डोळ्यांपुढे आमचे घर असे.

पुढे २००८ साली चार संशोधकांनी या साऱ्या समजुतीलाच प्रश्न केला. त्यांत एक चेन्नईच्या डॉ. आर. थारा, एक डॉ. विक्रम पटेल, एक खुद्द इबादानचे डॉ. ओये गुरेजे; चौथे अमेरिकेचे अलेक्स कोहेन. म्हणजे तक्त्यात ज्यांना वरची जागा मिळाली होती, त्यांच्यातलेच लोक. त्यांनी अकरा गरीब आणि मध्यम देशांतली तेवीस संशोधने पुन्हा वाचली आणि म्हटले, की चित्र सरसकट उजळ नाही. कुठे माणसे सावरली, कुठे नाही. कित्येकांना कधी उपचारच मिळाले नव्हते. आणि संसार, रोजगार यांचा हिशेब मांडला तर गरीब देशांतल्या रुग्णांचे बरे चालले आहे, असे छातीठोक म्हणता येत नाही. थाराबाईंनी त्याआधी चेन्नईत, या आजारामुळे संसार मोडलेल्या स्त्रियांची कहाणी तपासली होती. बहुतेक जणी म्हाताऱ्या आईबापांच्या आश्रयाला आलेल्या. ते वाचताना मला आत्याची ट्रंक आठवली.

मला कबूल केले पाहिजे, की हे वाचल्यावरही दोन वर्षे मी वर्गात जुनाच तक्ता शिकवला. नवे माहीत नव्हते म्हणून नव्हे. ताठ बसलेली मुले पुन्हा वाकलेली पाहणे मला जड गेले असते, आणि त्यांच्याहून अधिक मला स्वतःला.

खरे तर एरवाडीनंतर मी शहाणी व्हायला हवी होते. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या त्या गावी एका खासगी निवाऱ्याला पहाटे आग लागली आणि २८ मनोरुग्ण मरण पावले. ते साखळ्यांनी बांधलेले होते. पळता आले नाही. त्यांना तिथे कुणी आणून ठेवले होते? त्यांच्याच घरच्यांनी, दर्ग्याच्या कृपेने गुण येईल, या आशेने, आणि घरी आता निभत नाही, या थकव्याने. आपल्या २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने कोणत्याही स्वरूपात माणसाला साखळीने बांधायला बंदी केली आहे. एरवाडीची बातमी मी आईला वाचून दाखवली होती. ती म्हणाली, “आपल्या खोलीची कडी पण बाहेरूनच होती गं.” मी तेव्हा विषय बदलला.

इथवर वाचून कुणाला वाटेल, की मी आता मोठ्या इस्पितळांची बाजू घेणार. तसे नाही. गरीब देशांतूनच आलेली आणखी एक गोष्ट आहे आणि ती जुन्या तक्त्यापेक्षा पुष्कळ अधिक तपासून घेतलेली आहे. ती झिंबाब्वेची.

झिंबाब्वेची राजधानी हरारे. २००५ साली तिथल्या सरकारने शहरांतल्या झोपड्या आणि टपऱ्या पाडण्याची मोहीम काढली. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने सुमारे सात लाख माणसांचे घर किंवा पोटाचा धंदा किंवा दोन्ही गेले. त्या देशात मनोविकारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांतले एक डॉ. डिक्सन चिबांडा. त्यांची एक तरुण रुग्ण होती. तिला पुन्हा इस्पितळात आणायचे ठरले होते, पण ती आली नाही. तिने जीव दिला. लगेच का आणले नाही, असे डॉक्टरांनी विचारले, तेव्हा तिची आई म्हणाली, बसभाड्याचे पंधरा डॉलर जमले नव्हते. चिबांडांनी ही गोष्ट स्वतः जाहीरपणे सांगितली आहे. इस्पितळात बसून रुग्णाची वाट पाहण्यात अर्थ नाही, हे त्यांना त्या दिवशी कळले.

२००६ साली म्बारे या गजबजलेल्या गरीब वस्तीत त्यांना काम सुरू करायची परवानगी मिळाली. पण दवाखान्यात खोली नव्हती, परिचारिका मोकळ्या नव्हत्या, पैसे नव्हते. होत्या त्या चौदा आज्या. पालिकेच्या आरोग्यसेवेत वस्तीत हिंडणाऱ्या, उतारवयाच्या, शिक्षण बेताचे. खोली नाही तर नाही, दवाखान्याच्या आवारात झाडाखाली एक लाकडी बाक ठेवला. आजी बाकावर बसे, येणारी बाई शेजारी बसे आणि बोले. सुरुवातीला त्याला ‘मानसिक आरोग्याचा बाक’ असे नाव होते; त्यावर कोण बसणार! आज्यांनीच डॉक्टरांना शहाणपण शिकवले आणि तो ‘मैत्रीचा बाक’ झाला.

आज्या नैराश्य हा शब्द वापरीत नाहीत. त्यांच्या शोना भाषेत एक शब्द आहे, कुफुंगिसिसा. त्याचा अर्थ, फार विचार करणे. आपल्याकडे बाया म्हणतात ना, ‘विचार करकरून डोकं फिरायची वेळ आली’, तेच. आजी आधी चौदा प्रश्न विचारते. गेल्या आठवड्यात फार विचार येत होते का, झोप लागली का, असे साधे. मग बाई जे सांगेल ते ऐकून घेते, आणि त्या ढिगातून एकच अडचण उचलायला सांगते. नवऱ्याची नोकरी, शाळेची फी, आजाराची धास्ती, जी काही असेल ती. तिच्यावर या आठवड्यात काय करता येईल, ते बाईनेच शोधायचे. पुढच्या खेपेला, जमले का, असे विचारायचे. अशा सहा बैठका. नंतर या बायका एकत्र जमतात, प्लॅस्टिकच्या टाकाऊ पट्ट्यांपासून पिशव्या विणतात आणि विणता विणता बोलतात.

हे सारे ऐकायला गोड आहे, आणि गोड गोष्टींविषयी मला हल्ली संशय येतो. पण चिबांडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते रीतसर पारखून घेतले. हरारेतले २४ दवाखाने, ५७३ माणसे. चिठ्ठी टाकावी तसे निम्मे दवाखाने बाकाकडे, निम्मे नेहमीच्या उपचाराकडे. निष्कर्ष २०१६ साली छापून आले. सहा महिन्यांनंतर नेहमीच्या उपचाराच्या गटात शंभरातल्या जवळजवळ पन्नास जणांत नैराश्याची लक्षणे होती. बाकावर बसलेल्यांत शंभरातल्या चौदांत.

हे मी आईला सांगितले. तिला ते फार आवडले. बाक कसा होता, लांब की आखूड, हेही तिने विचारले. मग म्हणाली, “पण त्या आज्या त्यांच्या घरच्या नव्हत्या ना?”

मी म्हटले, “नव्हत्या. वस्तीतल्या.”

“म्हणून. घरच्या आजीने काय सांगितलं असतं? सोस म्हणून.”

इतकी वर्षे या विषयावर वाचून जे माझ्या ध्यानात आले नव्हते, ते तिने सुपारी कातरता कातरता सांगितले. पौर्वात्य कुटुंब, आजीची माया, असे म्हणत आपण ही गोष्ट लगेच आपल्या खात्यावर जमा करायला धावतो. पण बाकावरची आजी घरातली नाही, यातच तिचे सामर्थ्य आहे. ती त्याच वस्तीतली, त्याच हालअपेष्टांतून गेलेली. परंतु तुमच्या घरात तिचा वाटा नाही. तुम्ही बोललात तर तिची अब्रू जात नाही. तुम्ही सासूविषयी बोललात, तर ती कुणाची बहीण लागत नाही. घरच्या माणसाला आपले दुःख सांगावे तर तेच बहुधा त्या दुःखात कुठेतरी उभे असते.

आई पुढे म्हणाली, “मला कासारीण होती. वर्षातून दोनदा यायची. मागच्या पडवीत बसून बांगड्या भरायची आणि मी बोलायची. तिला माझ्याकडून बांगड्यांच्या पैशांखेरीज काही नको होतं. आणि गावात कधी चकार शब्द बोलली नाही हो ती!”

आईच्या हातांत वर्षानुवर्षे काचेच्या बांगड्या भरपूर का असत, आणि दोन महिन्यांत निम्म्या कशा फुटत, हे माझ्या लक्षात यायला नव्वदी उजाडावी लागली, तिची. कुलवृत्तान्तात ‘कुटुंबाने सांभाळले’ असे आहे. कुटुंब म्हणजे बाबा, आजोबा, दोघे काका नव्हते. कुटुंब म्हणजे पहाटे अडीचला उठणारी एक बाई होती. आत्या कपडे फाडी, अन्न भिरकावी, कधी आईच्या मनगटाला धरून तासभर सोडीत नसे. या बाईला वर्षातून दोनदा, अर्धा अर्धा तास, कुणीतरी ऐकणारे होते. मी बाकाचा विचार आत्यासाठी करीत होते. तो आधी आईसाठी हवा होता.

आत्याचा आजार बाकावर बसून बरा होण्यातला नव्हता, हेही इथेच सांगायला हवे. आज्याही तसा दावा करीत नाहीत. अवघड रुग्ण त्या पुढे पाठवतात. पुढे पाठवायला कुणीतरी असावे लागते, हा सगळ्या योजनेचा न दिसणारा पाया आहे.

हरारेचा आणि आपला संबंध मात्र मी समजत होते त्याहून जवळचा निघाला. त्या चौदा प्रश्नांची यादी १९९०नंतरच्या दशकात हरारेत तयार झाली, आणि ती करणाऱ्यांत वर सांगितलेले विक्रम पटेल होते. तिथून ते गोव्यात आले. १९९६ साली तिथे त्यांनी सहकाऱ्यांसह एक संस्था काढली. तिचे नाव ‘सांगात’. कोकणीत त्याचा अर्थ सोबत. आपल्या संतांच्या तोंडचा ‘सांगाती’ त्याच कुळातला. संस्थेने गोव्यातल्या स्थानिक स्त्रियांना शिकवून तयार केले आणि २४ दवाखान्यांत त्याची परीक्षा घेतली, निम्मे सरकारी, निम्मे खासगी. २०१०मध्ये निष्कर्ष आले, ते मोठे विचार करायला लावणारे आहेत. सरकारी केंद्रांत या स्त्रियांमुळे स्पष्ट फरक पडला. खासगी दवाखान्यांत पडला नाही. तिथले रुग्ण एरवीही जवळजवळ तितकेच बरे होत होते. मला वाटते, गावातला खासगी डॉक्टर निदान नावाने ओळखतो, दोन मिनिटे बसवतो. जिथे कुणी बसवतच नव्हते, तिथे बसवणारे माणूस आल्यावर फरक पडला. नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यांतही ‘आत्मीयता’ या नावाने असेच काम झाले आहे, गावातल्याच माणसांना हाताशी धरून.

माझी एक जुनी विद्यार्थिनी या गोष्टीवर माझ्याशी भांडली. ती म्हणाली, “बाई, श्रीमंतांना डॉक्टर आणि गरिबांना आजी, हा न्याय का? उद्या सरकार म्हणेल, बाक ठेवले की झाले.” तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. २०१५-१६च्या राष्ट्रीय पाहणीत असे दिसले, की नैराश्य-चिंतेसारखे नेहमीचे मानसिक आजार असलेल्या शंभरातल्या पंच्याऐंशी जणांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. एवढी मोठी तूट फुकटच्या मायेने भरून काढण्याचा मोह कोणत्याही सरकारला होईल. आपल्याकडे तर काहीही नवे निघाले की ते आशाताईंच्या डोक्यावर पडते, आणि त्यांच्या मानधनाचे भांडण चालूच राहते. पण हरारेच्या आज्या पालिकेच्या माणसांपैकी होत्या. त्यांना शिकवले होते, त्यांच्यावर देखरेख होती, अडले तर विचारायला वरचे माणूस होते. माझ्या विद्यार्थिनीला मी एवढेच म्हटले, की दुय्यम वाटायचे तर एकटी पडलेली आजी दुय्यम आहे, आणि तसा एकटा पडलेला डॉक्टरही. तिला ते पुरेसे पटले नाही. मलाही अर्धेच पटले आहे.

आता जे सांगायचे आहे, ते मी आजवर लिहिले नव्हते.

१९७४ साली तालुक्याच्या गावी एक नवे डॉक्टर आले. बाबांनी आत्याविषयी त्यांच्या कानांवर घातले. ते स्वतः घरी येऊन गेले, त्यांनी गोळ्या दिल्या आणि महिन्याच्या महिन्याला घेऊन जा, म्हणाले. पहिल्या महिन्यात आत्या नुसती झोपून असे. मग हळूहळू ती बोलू लागली. होळीला पुढच्या ओटीवर येऊन बसली. वैशाखात तिने आंबे मोजून अढी लावली. मे महिन्याच्या सुट्टीत रोज दुपारी तिने माझ्या दोन वेण्या घातल्या; तिचे हात अतिशय हलके होते. एकदा वेणी घालताना तिने मला विचारले, “माझा मुलगा आता कितवीत असेल गं?” मी हिशेब करून सांगितले, आठवीत. तिने मान हलवली आणि पुढचा पेड घेतला.

त्या सहा महिन्यांत खोलीची कडी लागली नाही.

श्रावणाच्या सुरुवातीला गोळ्या संपल्या. पाऊस भयंकर होता, पूर आला होता, चार दिवस एस.टी. बंद होती. आजोबा म्हणाले, आता बरी आहे ना, मग कशाला सारखं विष पोटात? कुणी वाद घातला नाही. पूर ओसरला, एस.टी. सुरू झाली. मी तेव्हा अकरावीत होते, तालुक्याच्या शाळेत. रोज सकाळी मी त्या दवाखान्यावरून चालत जात असे. दार उघडे असे, कंपाउंडर बाहेर झाडत असे. गोळ्या आणायला मला कुणी सांगितले नाही आणि मी कुणाला विचारले नाही. झिंबाब्वेतल्या त्या मुलीच्या आईजवळ बसभाडे नव्हते. माझ्या दप्तरात एस.टी.चा पास होता.

भाद्रपदात, गणपती गेल्यावर, आईने पुन्हा कडी लावली. त्यानंतर अठरा वर्षे.

आमच्या घरात दुष्ट कुणी नव्हते. आजोबांचे तिच्यावर प्रेम होते. रोज संध्याकाळी ते तिच्या दाराशी बसून स्तोत्र म्हणत. आम्ही तिला उपाशी ठेवले नाही, मारले नाही, टाकले नाही. सांभाळले. चांगुलपणा म्हणून आम्हांला जे काही येत होते, ते सगळे आम्ही केले, आणि त्यात तालुक्याच्या गावाहून एक पुडी आणणे बसले नाही. बाहेर पाठवले नाही, या अभिमानात बाहेरून काही आत येऊ द्यायचे असते, हेच आम्ही विसरलो का? का आम्हांला ती बरी होण्याची भीती वाटत होती? बरी झालेली आत्या मुलाविषयी विचारू लागली होती, आणि त्या प्रश्नाला घरात कुणाजवळ उत्तर नव्हते. हा विचार मी फार पुढे नेऊ शकत नाही. ज्यांना विचारावे ती माणसे आता नाहीत, आणि जी आहे तिला मी विचारले आहे.

आईने ऐकून घेतले आणि म्हणाली, “ते पान पुन्हा वाच.” मी वाचले. ती म्हणाली, “सांभाळलं हे राहू दे. ते खोटं नाही. पण पुढे लिही, वन्सं चौऱ्याहत्तर साली सहा महिने बऱ्या होत्या. आणि गोळ्या श्रावणात संपल्या, असंही लिही.”

मी पेन्सिलीने समासात लिहिले आणि चुलतभावाला फोनवर वाचून दाखवले. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “ताई, अगं, कुलवृत्तान्तात असं कुणी लिहितं का? आणि तिची नातवंडं वाचतील ना.”

ती वाचतील, हे खरेच आहे. मुलाचे नाव त्याने कुठूनसे मिळवले आहे; आत्याच्या नावाखाली ते प्रथमच छापले जाणार आहे. मुद्रिते छापखान्यात दिवाळीनंतर द्यायची आहेत, तोवर काय ते ठरव, असे त्याने मला सांगितले आहे. पाने अजून माझ्याकडेच आहेत.